ओल्ड स्कूल रूनस्केप: लम्ब्रिजमध्ये गाई मारत बसू नका, आधी हे उरका

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम नवीन घेतलेला माणूस ठरल्यासारखं एकच करतो. ट्युटोरियल बेटावरून सुटला की लम्ब्रिज या पहिल्या गावाच्या पुलापलीकडच्या कुरणात जातो, ब्राँझची तलवार काढतो आणि गाईंना हाणत बसतो. दोन दिवस हाणतो, अटॅक बारा-तेरा होतो, बोअर होतं, अनइन्स्टॉल. मग सगळ्यांना सांगत फिरतो की त्यात काय नाय रे, नुसतं क्लिक क्लिक. अरे पण तुला सांगितलं कोणी होतं गाई मारायला?

तर हे अशांसाठी. फ्री अकाऊंट धरून चाललोय, पैसे भरायची गरज नाही, फोनवर खेळा नाहीतर पीसीवर, अकाऊंट एकच चालतं (मोबाईल व्हर्जन ऑक्टोबर २०१८ पासून आहे). माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीला लेव्हल मारायच्या नसतात, क्वेस्ट (गेममधली पात्रं देतात ती कामं) करायच्या असतात, आणि त्यापण एकेक सुटी नाही तर एका चकरेत तीन-चार एकदम, कारण या गेममध्ये पहिल्या आठवड्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ लढण्यात जात नाही, चालण्यात जातो.

हिशोब करून दाखवतो म्हणजे पटेल. तलवारीने एक डॅमेज केला की ४ एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांनीच लेव्हल वाढते) मिळतो. गाईची हेल्थ ८, म्हणजे एक गाय ३२ एक्सपी. व्हँपायर स्लेयर नावाची क्वेस्ट आहे, ती संपली की अटॅकमध्ये एकदम ४८२५ एक्सपी पडतो. करा भागाकार, दीडशे गाई झाल्या. रेस्टलेस घोस्ट क्वेस्टचा प्रेयर एक्सपी ११२५, आणि साधं हाड पुरलं की मिळतो साडेचार, म्हणजे अडीचशे हाडं पुरत बसायचं काम ही क्वेस्ट दहा-पंधरा मिनिटांत करून देते. नाइट्स स्वोर्डचं तर विचारूच नका, १२,७२५ स्मिदिंग, तेच ब्राँझचे बार ठोकून करायचं म्हटलं तर एका बारला १२.५, हजाराच्या वर बार लागतील, ते आधी खणा मग वितळवा मग ठोका. कोण करतंय.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी. मूळ रूनस्केप २००१ चा, केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. नंतर तो बदलत बदलत इतका बदलला की जुनी जनता वैतागली, मग कंपनीने ऑगस्ट २००७ चा बॅकअप शोधून काढला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यावरून ओल्ड स्कूल वेगळा सुरू केला. त्यामुळे हा गेम वागतो जुन्यासारखा, तुमच्या डोक्यावर चमकता बाण ठेवून इकडे जा तिकडे जा करत नाही, एनपीसी (गेममधलं पात्र) बोलतो ते नीट वाचावं लागतं. संवाद स्किप करत गेलात तर पुढे काय करायचं ते कळणारच नाही. आणि संवाद मजेशीर आहेत, ब्रिटिश लोकांची ती कोरडी खोडी असते ना तसली.

ट्युटोरियल बेटाबद्दल फार बोलत नाही. झाड तोडा, कोळंबी पकडा, भाजा, पाव करा, तांबं आणि टिन वितळवून खंजीर करा, उंदीर मारा, कोंबडीवर मंत्र टाका, झालं. एकच सांगतो, तिथे मिळालेली बादली आणि मडकं फेकू नका, बॅगेत २८ च जागा असतात म्हणून लोक उतरल्या उतरल्या टाकून देतात आणि पाच मिनिटांत परत शोधत फिरतात.

आता लम्ब्रिज. किल्ल्यासमोर उतरलात की आधी बँक बघून ठेवा, ती किल्ल्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढून. नको असलेलं सगळं तिथे टाका. अंगावर आणि बॅगेत जेवढं वजन कमी तेवढं पळायचं स्टॅमिना जास्त वेळ टिकतं, आणि पळणं हेच तर सगळं आहे.

मग खाली उतरताना मधल्या मजल्यावर ड्यूक होरॅशियो भेटेल, त्याच्याशी बोलून रून मिस्टरीज सुरू करा, तो एक एअर टॅलिसमन देईल, तो ठेवा जवळ. त्याच मजल्यावर सूत कातायचं चाक आहे, जागा लक्षात ठेवा. तळमजल्यावर स्वयंपाकघरात आचारी रडत बसलेला असतो, ड्यूकचा वाढदिवस आहे आणि केकचं सामान नाही, त्याला हो म्हणा. किल्ल्याबाहेर पडून पूर्वेला चर्च, तिथे फादर एरेक, त्याला विचारा काय मदत करू, तो म्हणेल मागच्या कबरस्तानात भूत आलंय. झालं, पाच मिनिटांत तीन क्वेस्ट खिशात. एकही अजून पूर्ण नाही आणि तसंच पाहिजे.

आचाऱ्याला पाहिजे एक अंडं, एक बादली दूध, एक मडकं पीठ. पूल ओलांडून नदीच्या पूर्व काठाने वर गेलात की कोंबड्यांचं आवार लागतं, अंडं जमिनीवरच पडलेलं असतं. कोंबड्या मारल्या तर पिसं उचला, सगळी उचला, पुढे ट्राऊट मासे पकडायला लागतात. शेजारच्याच कुरणात एक दुभती गाय वेगळी उभी असते, बाकीच्या गाईंवर क्लिक केलं की मारामारी सुरू होते, हिच्यावर केलं की धार काढता येते. रिकामी बादली बॅगेत पाहिजे.

(गाई मारायच्या म्हटलं की आपल्याकडे काही जणांच्या जिवावर येतं, मित्राच्या आईने मागून स्क्रीन बघून दिलेला लुक मी विसरलेलो नाही. तर नका मारू, पुलाच्या पूर्वेला गॉब्लिन भरपूर आहेत, लेव्हल २ वाले, हेल्थ ५, तलवार हातात बसेपर्यंत तेवढे पुरे.)

मग नदी परत ओलांडून पश्चिम बाजूने वर पिठाच्या गिरणीकडे. शेजारी गव्हाचं शेत, एक पेंढी तोडा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर चढा, गहू हॉपरमध्ये घाला, तिथलाच खटका ओढा, आणि खाली या. इथेच लोक अडकतात, खटका ओढून वरच उभे राहतात की पीठ कुठाय. पीठ तळमजल्याला पडतं, मडकं हातात घेऊन ते गोळा करायचं.

गिरणीपर्यंत आलातच तर जवळच फ्रेड शेतकऱ्याचं घर आहे, त्याला २० लोकरीचे गुंडे पाहिजेत. कात्री त्याच्याच घरात पडलेली असते. मेंढ्यांच्या कुंपणात जाऊन वीस वेळा कातरा, शिंगवाले कातरता येत नाहीत, आणि एक मेंढी अशी आहे की जिला कात्री लावली की काहीतरी विचित्रच होतं, ती मेंढी नाहीये एवढंच सांगतो. लोकर घेऊन निघताना फ्रेडच्या शेतातून कांदे पण उपटून घ्या, दोन तरी, का ते पुढे येईल. किल्ल्यात परत, आचाऱ्याला सामान द्या, जिना चढून चाकावर वीस गुंडे काता. हे द्यायला फ्रेडकडे परत जावं लागतं ती चक्कर टळत नाही. बदल्यात १५० क्राफ्टिंग आणि ६० नाणी, फार काही नाही, पण प्रत्येक क्वेस्टचे क्वेस्ट पॉईंट मोजले जातात आणि त्यांचं काम पुढे आहे.

आचाऱ्याची क्वेस्ट झाली की त्याच्या शेगडीवर शिजवायची परवानगी मिळते आणि तिच्यावर पदार्थ कमी जळतात. सुरुवातीची कोळंबी तिथेच भाजा.

आता दुसरी चक्कर, आणि खरी मजा या चकरेत आहे. हिच्यासाठी खायला थोडं काहीतरी घ्या आणि अंगावर फार काही नको.

आधी दलदलीत, लम्ब्रिजच्या दक्षिणेला, पश्चिम टोकाला एक झोपडी, तिथे फादर अर्नी राहतो, चिडका म्हातारा, त्याच्याकडून घोस्टस्पीक ताईत घ्या. घ्या म्हणजे गळ्यात घाला, नुसतं बॅगेत असून भुताचं बोलणं कळत नाही, फक्त वू वू ऐकू येतं. कबरस्तानात येऊन शवपेटी उघडा, भुताशी बोला, त्याची कवटी चोरीला गेलीय. ती आहे विझार्ड्स टॉवरच्या तळघरात.

मग पश्चिमेला ड्रेनॉर गावातून जायचं. ड्रेनॉरमध्ये दोन मिनिटं थांबा. गावाच्या उत्तरेकडे मॉर्गनचं घर आहे, त्याच्याशी बोलून व्हँपायर स्लेयर सुरू करा आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटातून लसूण उचला. मग दक्षिणेला पूल ओलांडून टॉवर. तळघरात दोन कामं एकदम होतात: सेड्रिडॉर नावाच्या जादूगाराला ड्यूकचा टॅलिसमन द्या, तो एक पार्सल देईल वॅरॉकला न्यायला, आणि पलीकडच्या खोलीतल्या वेदीवरून कवटी उचला. कवटी उचलली की लेव्हल १३ चा सांगाडा उठतो. त्याच्याशी लढायची काही सक्ती नाही! शिडी पकडा आणि वर पळा, संपलं. ही क्वेस्ट भूत दिसतं म्हणून लोक पुढे ढकलतात, आणि तिच्यात एक पण माशी मारावी लागत नाही.

टॉवरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर विझार्ड मिझगॉग, त्याची इम्प कॅचर सुरू करून ठेवा. चार रंगांचे मणी लागतात, काळा पांढरा लाल पिवळा, ते इम्प नावाच्या लाल बुटक्यांकडून पडतात पण कधी कुठला पडेल सांगता येत नाही, नंतर थोडे पैसे आले की ग्रँड एक्सचेंज नावाच्या बाजारात विकत घ्या आणि देऊन टाका. ८७५ मॅजिक एक्सपी एका संवादात. रिमिंग्टनच्या चेटकिणीची विचेस पोशन केली की अजून ३२५, दोन्ही मिळून मॅजिक १ वरून थेट १०.

आता होम टेलिपोर्ट मारा. स्पेलबुकमध्ये पहिलाच असतो, रून (मंत्राला खर्च होणारे दगड) लागत नाहीत, फुकट, लम्ब्रिजला आणून सोडतो, पण अर्ध्या तासात एकदाच. म्हणून तो फालतू कारणाला वापरायचा नाही, लांब गेलात आणि परत लम्ब्रिजचंच काम आहे तेव्हाच, म्हणजे आत्ता. कवटी शवपेटीत ठेवा, भूत गेलं, प्रेयर १ वरून ९.

पुढे वॅरॉक. लम्ब्रिजवरून सरळ उत्तरेचा रस्ता पकडला तर जवळ पडतं, पण वॅरॉकच्या दक्षिण दरवाज्याबाहेर दगडांचं एक रिंगण आहे आणि तिथे काळ्या झग्यातले डार्क विझार्ड फिरतात, लेव्हल ७ आणि २० चे. हे स्वतःहून अंगावर येतात. गेमचा नियम असा की तुमची कॉम्बॅट लेव्हल त्यांच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की मगच नाद सोडतात, म्हणजे लेव्हल २० वाल्यासाठी तुम्ही ४१ पाहिजे, आणि तुम्ही आहात ५. लांबून मंत्र टाकतात, तुम्हाला नावही वाचायला वेळ मिळत नाही. म्हणून ड्रेनॉरवरून वर, ड्रेनॉर मॅनरच्या बाजूने, बार्बेरियन व्हिलेजमधून वळसा घालून पश्चिम दरवाज्याने वॅरॉकमध्ये शिरा. थोडं लांब आहे पण जिवंत पोचता.

मेलातच कुठे तर आकाश कोसळत नाही. सगळ्यात महागाच्या तीन वस्तू जवळ राहतात, बाकीच्या मेलात तिथे थडग्यात पंधरा मिनिटं राहतात, लम्ब्रिजहून पळत जाऊन उचला. आता कळलं ना बँकेत का टाकायला सांगितलं.

बार्बेरियन व्हिलेजमध्ये मधोमध खाणीसारखा खड्डा आहे, त्यात उतरायची वाट म्हणजे स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी. चार मजले खाली. प्रत्येक दारावर अकाऊंट सुरक्षेबद्दल प्रश्न विचारतात, पासवर्ड कोणी मागितला तर काय कराल वगैरे, उत्तरं सामान्य ज्ञान आहे. पहिल्या मजल्याच्या शेवटी २००० नाणी, दुसऱ्याला ३०००, तिसऱ्याला ५०००, आणि चौथ्याला बूट. नवीन माणसाला दहा हजार म्हणजे लॉटरी आहे, कारण फ्रेड वीस गुंड्यांचे ६० देतो हे आठवा. पण खालचे प्राणी तगडे आहेत, तिसऱ्या-चौथ्यावर तुमच्यासारख्याला दोन फटक्यांत आडवं करतील असे. मी म्हणेन पहिले दोन मजले आत्ताच करा, न थांबता पळत, हाणत बसायचं नाही, बॅगभर खाणं घेऊन आणि बाकी काहीच न घेता. पाच हजार आले की सुरुवातीची तलवार-ढाल सुटते. उरलेले दोन नंतर, कॉम्बॅट तीसच्या आसपास गेलं की.

इथेच नदीकाठी ट्राऊटचा स्पॉट आहे, फिशिंग २० पाहिजे, फ्लाय फिशिंग रॉड आणि ती कोंबड्यांची पिसं. ट्राऊट ७ हेल्थ भरते, कोळंबी ३. जिथे कुठे लढायचंय तिथे कोळंबी घेऊन जाणं म्हणजे नुसतं मन मारणं आहे. फिशिंग २० पर्यंत ड्रेनॉरच्या किनाऱ्यावर जाळं टाका, बँक पलीकडेच आहे, सिरीज बघता बघता होतं.

वॅरॉक मोठं शहर आहे, पहिल्यांदा गेलात की चुकणार, चुका. रून मिस्टरीजचं पार्सल ऑब्रीला द्यायचं, त्याचं रूनचं दुकान आग्नेय कोपऱ्यात. तो नोट्स देतो त्या सेड्रिडॉरकडे न्यायच्या, पण आत्ता पळत सुटू नका, परत ड्रेनॉर बाजूला जाणारच आहात. दक्षिणेला ब्लू मून इन, तिथे डॉक्टर हार्लो टाइट होऊन बसलेला असतो, बारवाल्याकडून दोन नाण्यांची बिअर घ्या, त्याला पाजा, तो व्हँपायर स्लेयरसाठी खुंटा देईल. चौकात रोमिओ हिंडत असतो, कॉलेजमधला तो एक मित्र असतो ना जो दर आठवड्याला प्रेमात पडतो, तसाच, त्याची क्वेस्ट घ्या. पश्चिमेच्या घरात वरती ज्युलिएट, चिठ्ठी इकडून तिकडे, मग ईशान्येच्या चर्चमधला फादर लॉरेन्स, मग औषधवाला. त्याला कॅडाव्हा बेरी लागतात, त्या शहराबाहेर आग्नेयेच्या खाणीजवळच्या झुडपांवर. तिथेच शेजारी लाल बेरीची झुडपं आहेत, तीन लाल बेरी तोडून ठेवा. या क्वेस्टला एक्सपी शून्य पण पाच क्वेस्ट पॉईंट, आणि एकाचाही जीव घ्यावा लागत नाही. शेवट तर बघाच, रोमिओबद्दल उरलासुरला आदर जातो.

आता लाल बेरी आणि कांद्यांचं. ड्रेनॉरमध्ये ॲगी नावाची चेटकीण रंग बनवते. तीन लाल बेरी आणि ५ नाणी म्हणजे लाल रंग, दोन कांदे आणि ५ नाणी म्हणजे पिवळा, दोन्ही एकत्र केले की नारिंगी. निळ्यासाठी वोडची दोन पानं लागतात, ती फॅलाडोरच्या बागेतल्या माळ्याकडून घ्यायची, वीस नाणी देतो म्हणा म्हणजे दोन देतो. हे सगळं गॉब्लिन डिप्लोमसीसाठी: फॅलाडोरच्या उत्तरेला गॉब्लिनांचं गाव, तिथले दोन सेनापती चिलखताचा रंग कुठला हवा यावरून भांडतात. तीन चिलखतं गावातल्याच पेट्यांत सापडतात, एक नारिंगी रंगवा, एक निळं, एक तसंच ठेवा, आणि त्याच क्रमाने द्या. शेवटी काय ठरतं ते सांगत नाही, पण आपल्या सोसायटीची मीटिंग अटेंड केली असेल तर अंदाज येईल. परत पाच क्वेस्ट पॉईंट.

वॅरॉकच्या वायव्येला ग्रँड एक्सचेंज, सगळ्या प्लेयरांचा बाजार. नवीन फ्री अकाऊंटला इथे आणि ट्रेडिंगमध्ये बंधनं असतात, ती निघायला तीन गोष्टी पाहिजेत: २० तास खेळणं, १० क्वेस्ट पॉईंट आणि १०० टोटल लेव्हल. गाई मारणाऱ्याचे तास होतात, पॉईंट होत नाहीत, आणि मग तो विचारतो माझं सामान का विकलं जात नाही. वरच्या रस्त्याने आलात तर रोमिओ आणि गॉब्लिन मिळून दहा तिथेच झाले.

बाजारात गर्दी असते आणि गर्दीत चोर. "तुझे पैसे डबल करून देतो" म्हणून ओरडणारे, "चिलखत दे फुकटात सोनेरी काठ लावून देतो" म्हणणारे, आणि "चल तुला भारी जागा दाखवतो" म्हणून उत्तरेला विल्डरनेसमध्ये नेणारे. शेवटचा सगळ्यात डेंजर, कारण विल्डरनेसमध्ये दुसरा प्लेयर तुम्हाला मारू शकतो. एक खंदक ओलांडावा लागतो आणि गेम इशारा देतो, इशारा आला की मागे फिरा. कोणीही काहीही फुकट देत नाही. बँकेला पिन लावा, अकाऊंटला ऑथेंटिकेटर लावा, हे आजच.

सर्व्हर निवडताना पण बघा, यादीत काही वर्ल्डच्या नावापुढे पीव्हीपी (प्लेयर विरुद्ध प्लेयर) लिहिलेलं असतं, तिथे बाजाराबाहेर पाऊल टाकलं तरी मारतात. साधा फ्री वर्ल्ड घ्या. आपल्याकडून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) थोडा जास्त लागला तरी घाबरायचं कारण नाही, गेमचा एक टिक ०.६ सेकंदांचा आहे, सगळं त्याच ठेक्यावर चालतं, त्यामुळे शूटिंग गेमसारखा हात शिवशिवत नाही. लोकलमध्ये उभ्याने खेळता येतो असा गेम आहे हा. पीसीवर असाल तर रूनलाइट क्लायंट घ्या, जॅगेक्सची परवानगी आहे त्याला, आणि त्यात क्वेस्टचं मदतनीस प्लगइन पण आहे, पण पहिल्या चार-पाच क्वेस्ट तरी ते न लावता करा.

आता व्हँपायर. हा पहिला खरा मारामारीचा टप्पा. काऊंट ड्रेनॉर, लेव्हल ३४, ड्रेनॉर मॅनरच्या तळघरात शवपेटीत झोपलेला. जवळ पाहिजे खुंटा, हातोडी (जनरल स्टोअरमध्ये मिळते), लसूण, आणि ट्राऊटने भरलेली बॅग. लसूण असला की तो कमजोर होतो. खुंटा आणि हातोडी बॅगेत नसली तर कितीही मारा, मरत नाही. त्याच्याकडे जायच्या आधी मात्र थोडं ग्राइंड करा, म्हणजे तेच तेच मारून लेव्हल वाढवा, इथे मी पण नाही म्हणत नाही, स्ट्रेंथ पंधरा-वीस असली की बरं. कसं करायचं तर कॉम्बॅट टॅबमध्ये स्टाईल बदला, ॲग्रेसिव्ह म्हणजे स्ट्रेंथ, ॲक्युरेट म्हणजे अटॅक, डिफेन्सिव्ह म्हणजे डिफेन्स. अटॅक वाढवत बसू नका कारण अटॅक क्वेस्टमधून आयता येतोय, गॉब्लिनांवर स्ट्रेंथ वाढवा. काऊंट मेला की अटॅक १ वरून २० आणि २० ला मिथ्रिल तलवार उचलता येते, स्ट्राँगहोल्डचे पैसे त्याच्यासाठीच. मॅनरचं पुढचं दार मागून बंद होतं आणि आतून उघडत नाही, घाबरू नका, मागच्या बाजूला दार आहे. मॅनरच्या बाहेर व्हेरॉनिका उभी असते, तिचा होणारा नवरा आत कोंबडी होऊन बसलाय, अर्नेस्ट द चिकन, चार क्वेस्ट पॉईंट, खटक्यांचं कोडं आहे थोडं डोकं खाणारं.

ड्रेनॉरवरून पोर्ट सरीम किंवा फॅलाडोरकडे जाताना तुरुंगाच्या बाजूला लेव्हल २६ चे पहारेकरी आहेत, तेही अंगावर येतात. तो पट्टा रन चालू ठेवून, न थांबता, रस्त्यावरून. स्टॅमिना आधीच भरून ठेवा, ड्रेनॉरच्या बँकेपाशी दोन मिनिटं उभे राहिलात तर काय बिघडत नाही.

फॅलाडोर बाजूला दोन क्वेस्ट अशा आहेत की एकीने दुसरीचं दार उघडतं. उत्तरेला डोरिक नावाचा बुटका, त्याला ६ माती, ४ तांबं, २ लोखंडाचं खनिज द्या, १३०० मायनिंग एक्सपी, म्हणजे सरळ लेव्हल १०. लोखंड खणायला १५ लागते म्हणून ते दोन तुकडे बाजारातून आणा. आणि नाइट्स स्वोर्डला मायनिंग किती लागते? बरोब्बर १०. ती सुरू होते फॅलाडोरच्या किल्ल्याच्या अंगणातल्या स्क्वायरकडून, मग वॅरॉकच्या राजवाड्यातला ग्रंथपाल रेल्डो, मग पोर्ट सरीमच्या दक्षिणेला थर्गो नावाचा बुटका, त्याला लाल बेरीची पाई (pie) खायला लागते त्याशिवाय तोंड उघडत नाही. शेवटी बर्फाच्या गुहेतून ब्लूराइट आणायचं, तिथे लेव्हल ५३ चे आइस जायंट आणि ५७ चे आइस वॉरियर. लढायचं नाही, खात खात पळायचं, दगडावर क्लिक, मिळालं की लगेच बाहेर. होम टेलिपोर्ट लढाई चालू असताना लागत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. दोन लोखंडी बार आणि कुदळ बरोबर असू द्या नाहीतर परत यायला लागेल. हे झालं की स्मिदिंग १ वरून २९, एक हातोडा न उचलता.

अल खरीदचं काय विचाराल तर लम्ब्रिजच्या पूर्वेला गेट आहे, दर वेळी १० नाणी टोल. चामडं कमवायला, भट्टीला वगैरे लोक जातात, ते नंतर कधीतरी. प्रिन्स अली रेस्क्यू केली की टोल माफ. टोल माफ होणारी ही एकमेव जागा माझ्या माहितीत.

इथपर्यंत आलात की मॅजिक २५ कडे लक्ष द्या, वॅरॉक टेलिपोर्ट मिळतो, ३१ ला लम्ब्रिज, ३७ ला फॅलाडोर. तोपर्यंत ड्रेनॉरच्या डिआंगोकडून क्रॉनिकल नावाचं पुस्तक आणि त्याची कार्डं घ्या, थोडे पैसे जातात पण वॅरॉकच्या दक्षिणेला चॅम्पियन्स गिल्डपाशी उडवून सोडतं. उतरल्यावर ते डार्क विझार्डांचं रिंगण जवळच आहे हे विसरू नका.

आणि त्या चॅम्पियन्स गिल्डचं दार उघडायला ३२ क्वेस्ट पॉईंट लागतात. आतमध्ये ड्रॅगन स्लेयर सुरू होते, ती केली की रून नावाच्या धातूचं छातीचं चिलखत अंगावर चढवता येतं. एल्व्हार्ग ड्रॅगन लेव्हल ८३ आहे, तिच्या आगीसाठी खास ढाल लागते, ती लम्ब्रिजला ड्यूक होरॅशियोकडेच मिळते, फुकट, क्वेस्ट सुरू झाल्यावर मागा म्हणजे देतो. पैसे भरून मेंबरशिप घ्यायचा विचार असेल तर ड्रॅगनच्या आधी वॉटरफॉल क्वेस्ट करून घ्या, अटॅक आणि स्ट्रेंथ दोन्हीत १३,७५० एक्सपी, आणि तीपण लढाई टाळून पळत पळत होते.